डेंग्यू बरा झाला आणि आठवड्याने पाय गेले : माझा जीबीएसचा अनुभव

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेडगाव या भागात जीबीएसचे (गियान-बारे सिंड्रोम, ज्यात शरीर आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करतं) पेशंट एकदम वाढले, आकडा दोनशेच्या वर गेला, तेव्हा मला कुठून कुठून फोन आले. कुणाचे वडील आयसीयूत, कुणाची शाळेत जाणारी मुलगी. सगळ्यांचे प्रश्न तेच, इंजेक्शनं किती लागतात, पैसे किती लागतात, परत चालता येतं का. मी तेव्हा वॉकर धरून घरातल्या घरात फिरत होते, फोनवर थोडं बोललं की थकून जायचे, त्यामुळे प्रत्येकाला अर्धवटच सांगितलं गेलं. पुण्यातल्या त्या साथीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू आणि नोरोव्हायरस सापडले होते, संशय पाण्यावर होता. माझं कारण वेगळं, मला डेंग्यूनंतर झाला. पण एकदा मज्जातंतूंवर हल्ला सुरू झाला की पुढचं बरंचसं सारखंच असतं, म्हणून आता सगळं क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, वय ४१, त्याआधी बीपी, शुगर काही नव्हतं.

३ सप्टेंबर २०२४ ला ताप आला, १०३, डोळ्यांच्या मागे ठणका आणि अंग एवढं दुखायचं की कूस बदलवत नव्हती. आमच्या गल्लीत त्या पावसाळ्यात घरोघरी डेंग्यू होता त्यामुळे दुसऱ्याच दिवशी रक्त तपासलं, डेंग्यूची एनएस१ टेस्ट पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी, ओआरएस सांगितलं, ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन असलं काही घ्यायचं नाही म्हणून बजावलं. ७ तारखेला गणपती बसले आणि त्याच सकाळी ताप उतरला, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. पण डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचा एक-दोन दिवसांचा काळच जास्त धोक्याचा असतो हे मला तेव्हा कळलं. संध्याकाळी पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या, हातपाय गार, वरचं बीपी ८०. अ‍ॅडमिट केलं. प्लेटलेट १४ हजार, रक्त घट्ट झालेलं, रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपून छातीत आणि पोटात साठलेलं. आयसीयूत ठेवून सलाईन अगदी मोजून देत होते. कुठे रक्तस्राव नव्हता म्हणून प्लेटलेट चढवल्या नाहीत, त्यावरून आमचे नातेवाईक फार घाबरले होते पण डॉक्टर ठाम राहिले आणि १० तारखेपासून प्लेटलेट आपणहून वाढायला लागल्या. १२ ला घरी. बिल साधारण ८० हजार, नवऱ्याच्या कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममधून कॅशलेस झालं.

घरी पपईच्या पानांचा रस, किवी, ड्रॅगन फ्रूट, जो येईल तो काहीतरी घेऊन यायचा. अशक्तपणा होताच. १७ ला अनंत चतुर्दशी झाली, मी खुर्चीत बसून विसर्जनाची आरती केली. १९ तारखेला सकाळी दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या आल्या आणि त्या गेल्याच नाहीत. कंबरेत आणि मांड्यांच्या मागून असं दुखायला लागलं की रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी जिना चढताना कठड्याला धरून स्वतःला ओढावं लागलं. २१ ला बाथरूममध्ये स्टुलावरून उठता येईना, मुलीने दोन्ही काखेत हात घालून उठवलं. त्याच दिवशी चप्पल पायातून निसटली आणि मला कळलंही नाही, चार पावलं तशीच गेले. सगळे म्हणत होते डेंग्यूचा थकवा महिनाभर राहतो, आणि ते खरंही आहे, राहतोच. फरक एवढाच की थकव्यात माणूस दमतो पण ठरवलं तर उठू शकतो. मला ठरवूनही उठता येत नव्हतं, आणि कालच्यापेक्षा आज जास्त, दोन्ही बाजूंना सारखं, पायाकडून वर चढत. हे वाक्य कुणाच्या घरातल्या पेशंटला लागू पडत असेल तर उद्याची वाट बघू नका, एवढं एक या सगळ्या लिखाणातून कुणी घेतलं तरी मला पुष्कळ आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार. चहा पिताना ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळला. नवरा लगेच आमच्या फिजिशियनकडे घेऊन गेला. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली, पाय हलला नाही, दुसऱ्यावर मारली, नाही. घोट्याला, कोपराला, कुठेच नाही. त्यांनी आधी तातडीने पोटॅशियम तपासायला पाठवलं कारण डेंग्यूत पोटॅशियम घसरूनही हातपाय लुळे पडतात आणि ते भरून काढलं की माणूस काही तासांत उठतो. माझं ३.९ आलं, नॉर्मल. मग म्हणाले, ताई, हा जीबीएस वाटतोय, गियान-बारे सिंड्रोम, आजच्या आज न्यूरोलॉजिस्ट आणि व्हेंटिलेटर दोन्ही असलेल्या ठिकाणी जायचं, तुमचा श्वास आत्ता चांगला आहे पण रात्रीत बदलू शकतो. माझ्या बोटाला ऑक्सिमीटर लावलं होतं, ९८ दाखवत होतं. ते मुद्दाम दाखवून म्हणाले या आकड्यावर विसंबू नका, यात ऑक्सिजन शेवटपर्यंत चांगला दिसतो आणि मग एकदम पडतो. त्यापेक्षा एक दीर्घ श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा. मी २६ पर्यंत गेले. पुढचे काही दिवस हा आकडाच आमच्या घरातल्यांचा जप झाला.

निघायच्या आधी माझ्या भावाने पुण्यात फोन करून तीन गोष्टी विचारल्या, व्हेंटिलेटरचा बेड आत्ता रिकामा आहे का, न्यूरोलॉजिस्ट आज बघतील का, आयव्हीआयजी (जीबीएसवरचं इंजेक्शन) किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलायची सोय आहे का. हे फोनवर विचारूनच निघा, दारात जाऊन परत फिरायला वेळ नसतो. ऑक्सिजन आणि डॉक्टर असलेली खासगी अ‍ॅम्ब्युलन्स ९ हजाराला मिळाली (१०८ मोफत असते, तीही विचारून ठेवावी). खंबाटकी घाटात ट्रॅफिक होतं. भाऊ दर अर्ध्या तासाने मोजायला लावायचा आणि एका कागदावर वेळ टाकून लिहायचा. २६, २४, २४, २१. तो कागद नंतर आयसीयूच्या डॉक्टरांनी मागून घेतला.

रात्री पोचलो. न्यूरोलॉजिस्ट मॅडमनी तपासून फार सोप्या भाषेत सांगितलं. डेंग्यूच्या विषाणूशी लढायला शरीराने जी फौज तयार केली तीच आता चुकून तुमच्या मज्जातंतूंच्या वरच्या आवरणावर तुटून पडली आहे, वायरवरचं प्लॅस्टिक सोलल्यावर करंट पुढे जात नाही तसं मेंदूचा निरोप स्नायूंपर्यंत पोचत नाहीये. मेंदूला काही झालेलं नाही, तुम्हाला सगळं ऐकू येईल, सगळं समजेल. वर्षाला लाखात एखाद-दोन जणांना होतो, बहुतेकांना त्याआधी कसलातरी संसर्ग झालेला असतो, डेंग्यूनंतर क्वचितच, पण होतो. आजार आधी वाढतो, बहुतेकांचा दोन आठवड्यांत आणि जास्तीत जास्त चार आठवड्यांत तळ गाठतो, मग थांबतो, मग हळूहळू वर येतो. दर चार-पाच जणांत एकाला व्हेंटिलेटर लागतो. सहा महिन्यांनी दहातले आठ जण स्वतःच्या पायाने चालतात. नवऱ्याने मृत्यूचं विचारलं तेव्हा त्यांनी टाळलं नाही, चांगली आयसीयू असली तरी शंभरात साधारण पाच म्हणाल्या. मला बरं वाटलं खरं सांगितलं म्हणून.

तपासण्या २४ ला झाल्या. मणक्याचा एमआरआय, म्हणजे मज्जारज्जूला सूज किंवा दाब नाही ना हे बघायला. मग मणक्यातलं पाणी काढायचं होतं, त्याआधी प्लेटलेट परत तपासल्या, डेंग्यूनंतर हे करावंच लागतं, २ लाख १० हजार होत्या. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यायचे असतात, मला ते जमत नव्हतं, दोन सिस्टरनी धरून ठेवलं. सुई टोचल्याचं एवढं काही नाही, भीतीच जास्त. रिपोर्टमध्ये पेशी नॉर्मल आणि प्रोटीन वाढलेलं, जीबीएसमध्ये असंच येतं, पण पहिल्या आठवड्यात कधीकधी हे नॉर्मलही येतं त्यामुळे नॉर्मल आलं म्हणून जीबीएस नाही असं नसतं. नर्व्ह कंडक्शनमध्ये हातापायाला करंटचे छोटे झटके देतात, ते मात्र मला फार लागले. सगळ्याचे मिळून २५ हजाराच्या आसपास. रक्ताचा एक नमुना एनआयव्हीकडे (पुण्यातली विषाणूंची राष्ट्रीय संस्था) गेला कारण त्या उन्हाळ्याच्या शेवटी, जूनपासून, पुण्यात एरंडवणे भागातून झिकाचे पेशंट निघायला लागले होते आणि झिकाचं तर जीबीएसशी नातं जगभर माहीत आहे, शिवाय चिकुनगुन्याही त्या पावसाळ्यात खूप होता. ते रिपोर्ट बऱ्याच दिवसांनी आले, झिका निगेटिव्ह, चिकुनगुन्या निगेटिव्ह, डेंग्यूचा आयजीएम (नुकत्याच झालेल्या संसर्गाची खूण) पॉझिटिव्ह. उपचार त्यासाठी थांबवत नाहीत.

आता पैशांचं. दोन उपचार आहेत, आयव्हीआयजी नावाचं इंजेक्शन आणि प्लाझ्मा बदलणं, दोन्हीचा गुण सारखाच आणि दोन्ही एकापाठोपाठ दिले म्हणून जास्त गुण येत नाही असं मॅडमनी सांगितलं. प्लाझ्माला बऱ्याच ठिकाणी खर्च कमी येतो पण मानेत किंवा मांडीत मोठी नळी टाकावी लागते आणि बीपी वरखाली होतं. माझं बीपी आणि नाडी आधीच नाचत होती म्हणून आयव्हीआयजी ठरलं. डोस वजनावर असतो, किलोला २ ग्रॅम, पाच दिवसांत वाटून. माझं वजन ६२, म्हणजे १२४ ग्रॅम, ५ ग्रॅमच्या पंचवीस बाटल्या, रोज पाच. आम्हाला एक बाटली ११ हजाराच्या आसपास पडली, एकूण पावणेतीन लाख. हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून ही बाटली बनते, हे ऐकलं तेव्हा मला रडू आलं, आमच्या शाळेतले दोन गुरुजी दर १५ ऑगस्टला रक्तदान करतात ते आठवले. नातेवाईकांपैकी कुणीतरी स्टेरॉईडचं विचारलं, जीबीएसमध्ये त्याचा उपयोग होत नाही असं मॅडमनी स्पष्ट सांगितलं.

बाटल्या बाहेरून आणायला लागल्या तर बर्फाच्या डब्यातूनच आणा, बहुतेक २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या असतात, पण गोठू द्यायच्या नाहीत. प्रत्येक बाटलीवरचं बॅच नंबरचं स्टिकर केसपेपरवर चिकटवलंय ना ते बघा, बिलावरही बॅच नंबर हवा, विमावाल्यांनी आमच्याकडे दोन्ही मागितले. ग्रुप पॉलिसी ५ लाखांची, त्यातले ८० हजार डेंग्यूत गेलेले. संपलेली रक्कम परत भरून मिळण्याची सोय पॉलिसीत होती पण त्याच आजाराशी संबंधित दुसऱ्या अ‍ॅडमिशनला ती लागू नाही असं कलम होतं, आणि डॉक्टरांनी तर डेंग्यूनंतरचा जीबीएस असंच लिहिलेलं, जे खरं तेच लिहिणार. प्री-ऑथला (विम्याच्या आगाऊ मंजुरीला) पहिली क्वेरी आली की लक्षणं नेमकी कधी सुरू झाली, त्याला साताऱ्याच्या फिजिशियनच्या २३ तारखेच्या चिठ्ठीने उत्तर मिळालं. म्हणून पहिल्या दिवसाची चिठ्ठी, मग ती केवढ्याशा कागदावर असो, जपून ठेवा आणि त्यावर तारीख आणि किती दिवसांपासून त्रास आहे हे लिहून घ्या. आयसीयूच्या भाड्याला रोजची मर्यादा होती, तिच्या वरचं सगळं कापलं गेलं.

ज्यांचा विमा नाही त्यांनी पहिल्याच दिवशी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (सरकारी योजनेचा तिथला माणूस) गाठा. महात्मा फुले योजना आता सगळ्या रेशनकार्डधारकांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, फक्त ते हॉस्पिटल त्या योजनेत आहे का आणि जीबीएस तिथे बसतो का ते अ‍ॅडमिट व्हायच्या आधी विचारायचं. धर्मादाय हॉस्पिटल असेल तर दहा टक्के खाटा निर्धन आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजार. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार लागतं आणि तिथल्या मेडिकल सोशल वर्करला भेटायचं असतं. माझ्या शेजारच्या बेडवरच्या मुलाच्या आईने हे सगळं एकटीने केलं, बारामतीकडच्या होत्या, रात्री कॉरिडॉरमध्ये झोपायच्या. त्यांच्याकडूनच आम्हाला हे सगळं कळलं.

इंजेक्शन सुरू झालं म्हणजे लगेच गुण येतो असं नाही. माझं उलट खालीच जात राहिलं. एका दमात मोजायचा आकडा २४ ला रात्री १८, २५ ला सकाळी १४, दुपारी खोकला येईना, उशीवरून डोकं उचलता येईना, १० वर आले तेव्हा त्यांनी सांगितलं आता श्वासाची नळी घालतो, धावपळ व्हायच्या आत शांतपणे घालतो. मी नवऱ्याला मुलीच्या सहामाहीच्या फीचं सांगत होते, ते वाक्य पूर्ण झालं की नाही आठवत नाही.

५ ऑक्टोबरपर्यंत व्हेंटिलेटरवर होते. हा भाग लिहिणं अवघड आहे पण ज्यांची माणसं आत्ता तिथे आहेत त्यांच्यासाठी लिहिते. शुद्ध होती. हात, पाय, चेहरा काहीच हलत नव्हतं, पापण्याही मिटायच्या नाहीत, डोळे कोरडे पडू नयेत म्हणून थेंब घालून पट्टी लावायचे. आणि दुखत होतं. लुळं पडलेलं अंग दुखत नाही असं लोकांना वाटतं. चादरीचा स्पर्श सहन होत नव्हता, मांड्या आणि पाठ आतून जळायची. पेशंट बोलू शकत नाही म्हणून दुखण्याचं औषध त्याच्या वतीने तुम्ही विचारायचं. मला प्रेगाबालिन सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांनी फरक पडला. रात्री भयंकर स्वप्नं पडायची, जागेपणी पण दिसायची, छतावरून पाणी येतंय, वर्गातली मुलं बेडखाली लपली आहेत. नाडी मधेच १४०, मधेच ५०. हे त्या आजारातच येतं, सिस्टरनी सांगितल्यावर भीती कमी झाली. पोटात रोज रक्त पातळ राहायचं इंजेक्शन, नाकातून जेवणाची नळी, दर दोन तासांनी कूस बदलायला वॉर्डातल्या मावशी आणि मामा यायचे. एक मावशी प्रत्येक वेळी सांगायच्या, "ताई, आता डाव्या अंगावर घेतीय हां," आणि मगच हात लावायच्या. माणूस समजून कुणी बोललं की काय वाटतं ते मला तिथे कळलं.

माझी मुलगी नववीत होती. तिने एका पुठ्ठ्यावर आपली वर्णमाला ओळीने लिहिली, क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग, खाली य र ल व आणि श स ह ळ. डोळे मिटता येत नव्हते पण बुबुळं हलत होती, म्हणून वर बघणं म्हणजे हो. ती विचारायची पहिली ओळ? दुसरी? मी वर बघितलं की त्या ओळीतली अक्षरं एकेक करून म्हणायची. काना-मात्रा सोडून द्यायच्या. माझा पहिला शब्द होता प, ठ. ती लगेच ओरडली, "पाठ! आईची पाठ दुखतीय!" आणि वॉर्डातले मामा धावत आले. आपली वर्णमाला पाच-पाचच्या चौकटीत असल्यामुळे फार पटकन जमतं, शोधावं लागत नाही. आयसीयूत भेटायला दहाच मिनिटं मिळायची, त्यात आमचं दोन-तीन शब्दांचं बोलणं व्हायचं. तो पुठ्ठा नंतर बारामतीच्या त्या ताईंच्या मुलासाठी दिला.

घटस्थापनेला, ३ तारखेला, पहिल्यांदा उजव्या खांद्याचा स्नायू थोडासा हलला, फिजिओच्या सरांनी हात लावून बघितलं आणि मोठ्याने सांगितलं. गळ्यातून छेद घेऊन नळी टाकायची म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमीची संमती नवऱ्याने सही करून ठेवली होती, फार दिवस तोंडातून नळी ठेवत नाहीत म्हणून. ती लागली नाही, ५ ला नळी काढली. आवाज घोगरा, पाणी प्यायला लगेच देत नाहीत, गिळता येतंय का ते बघून आधी दाटसर पदार्थ देतात. दसऱ्याला मी वॉर्डात होते आणि चमच्याने दही खाल्लं.

२६ ऑक्टोबरला घरी आले, दिवाळीच्या तोंडावर, पण व्हीलचेअरवर. पुण्याचं एकूण बिल ८ लाख ४० हजार, विम्याने ३ लाख ६० हजार दिले, बाकी शिक्षक पतसंस्थेचं तातडीचं कर्ज, भावाने दिलेले आणि थोडं सोनं. शिक्षिका म्हणून सरकारकडून खर्च परत मिळावा यासाठी वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव टाकला आहे. मूळ बिलं विम्याकडे जातात त्यामुळे त्यांच्याकडे देण्याआधी प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून हॉस्पिटलचा शिक्का मारून घ्या, आणि विम्याचं सेटलमेंट लेटर मागून घ्या, नाहीतर पुढचा प्रस्ताव जागेवरून हलत नाही. हे लिहीपर्यंत प्रस्ताव मंजूर झालेला नाही.

घरात पलंग वरखाली होणारा, भाड्याने, महिना ३ हजार. कमोडची खुर्ची विकतच घेतली. पाऊल खाली लोंबायचं म्हणून दोन्ही पायांना स्प्लिंट, मापाने बनवलेले, ७ हजार. फिजिओ घरी यायचे, एका वेळचे ५०० रुपये. सुरुवातीला वाटायचं जास्त व्यायाम केला तर लवकर बरी होईन, पण जीबीएसमध्ये स्नायूंना दमवून उपयोग नाही, दुसऱ्या दिवशी सगळं अंग बंद पडतं. थोडं करायचं, थांबायचं, परत थोडं. जे शेवटी गेलं ते आधी परत आलं, चेहरा, मग खांदे, हात, मग मांड्या, आणि पावलं सगळ्यात शेवटी. बोटांत पेन धरता येईपर्यंत डिसेंबर उजाडला.

मधेच नोव्हेंबरमध्ये विधानसभेची निवडणूक आली आणि मला मतदान अधिकारी म्हणून ड्युटीची ऑर्डर निघाली. याद्या आधीच गेलेल्या असतात. नवऱ्याने डिस्चार्ज कार्ड, डॉक्टरांचं सर्टिफिकेट, रजेच्या अर्जाची पोच आणि माझा व्हीलचेअरवरचा फोटो घेऊन तहसीलमध्ये अर्ज दिला, प्रशिक्षणाच्या आधी ड्युटी रद्द झाली. शिक्षकांपैकी कुणी आजारी असेल तर प्रशिक्षणाच्या तारखेपर्यंत थांबू नका, ऑर्डर हातात पडल्या दिवशीच अर्ज द्या आणि पोच घ्या. २० नोव्हेंबरला मी मतदानाला मात्र गेले, केंद्रावर रॅम्प होता.

रजेचं असं, वैद्यकीय दाखल्यावर परावर्तित रजा मिळते, तिच्या दुप्पट अर्धपगारी रजा खात्यातून वजा होते, ती संपल्यावर अर्जित. मुख्याध्यापक बाईंनी प्रत्येक वेळी मुदत संपायच्या आधी फोन करून वाढीव अर्जाची आठवण केली म्हणून सेवेत खंड पडला नाही. परत हजर होताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं, माझी रजा मोठी असल्याने सिव्हिलला जाऊन आणावं लागलं, त्यासाठी सगळी फाईल तारखेप्रमाणे लावलेली असेल तर काम सोपं होतं.

फेब्रुवारीत वॉकर सुटला, काठी आली. एप्रिलमध्ये स्प्लिंटशिवाय अंगणात चालले. १६ जूनला शाळा उघडली आणि मी हजर झाले. पहिलीचा वर्ग खाली आहे तो मला दिला, फळ्यावर लिहिताना उजवा हात खांद्याच्या वर फार वेळ राहत नाही म्हणून मुलांकडून लिहून घेते, त्यांना ते फार आवडतं. दुपारच्या सुट्टीत वीस मिनिटं आडवी होते. हा थकवा बाकी सगळं बरं झाल्यावरही राहतो, बाहेरून दिसत नाही त्यामुळे घरच्यांना आणि ऑफिसला आधीच सांगून ठेवलेलं बरं. डाव्या पावलाची बोटं अजून पूर्ण वर होत नाहीत, ओबडधोबड रस्त्यावर पाय अडकतो. हसताना चेहऱ्याची डावी बाजू जरा मागे राहते.

जीबीएस परत होण्याची शक्यता कमी असते, शंभरात दोन ते पाच असं मॅडमनी सांगितलं. डेंग्यू मात्र परत होऊ शकतो, त्याच्या विषाणूचे चार प्रकार आहेत आणि दुसऱ्या वेळचा जास्त जड जाऊ शकतो, म्हणून घरातली पिंपं आणि कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्याला कोरड्या करतो, हा डास दिवसा चावतो त्यामुळे दुपारी झोपताना पण मच्छरदाणी लावते. कुठलीही लस घ्यायच्या आधी न्यूरोलॉजिस्टना विचारायचं, आणि ऑपरेशन किंवा भूल द्यायची वेळ आली तर जीबीएस होऊन गेलाय हे भूलतज्ज्ञांना सांगायचं, हे डिस्चार्ज कार्डवर लिहून घेतलं आहे. प्रेगाबालिन जुलैपासून कमी करत आणलं, अचानक बंद करायचं नसतं. पुढची तपासणी डिसेंबर २०२५ ला ठरली आहे, तेव्हा डाव्या पायाचं नर्व्ह कंडक्शन परत करायचं ठरलंय.